ही कुठे जाणार?

रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नोएमी बारिएंतोस पेढीच्या आवारात गाडी लावायची, काचा वर करायची आणि बंद गाडीत तीन नावं घ्यायची. मोठ्याने नाही, ओठ हलतील इतपतच. तिन्ही नावं कंपन्यांची होती आणि तिन्ही कंपन्या तिने शोधल्या होत्या. पेढीच्या कागदांत मात्र पहिल्या दोघींचं श्रेय गॅरेट लिंडक्विस्टच्या नावावर होतं आणि तिसरीचं ब्रूक्सच्या. नावं घेऊन झाली की ती सपाट चपला काढून उंच टाचांचे बूट चढवायची, दातांना लिपस्टिक लागलेलं नाही ना ते आरशात पाहायची आणि आत जायची. अकरा वर्षांत नावं वाढली, नेम चुकला नाही. तिची आई ओफेलिया, जिला सगळे मानाने ‘दोन्या’ म्हणत, संध्याकाळी माळ ओढायची ती मेलेल्यांसाठी. नोएमीची माळ जिवंतांसाठी होती.

पेढी मेन्लो पार्कच्या टेकडीवर होती. बाहेरून पाहिलं तर दाताच्या डॉक्टरचा दवाखाना वाटावा अशी बसकी, लाकडी इमारत. आत बसून पाच पुरुष ठरवायचे की कुठल्या नव्या कंपनीने जगायचं आणि कुठलीने नाही. पैसा त्यांचा नव्हताच फारसा. तो शिक्षकांचा, परिचारिकांचा, अग्निशामक दलातल्या लोकांचा, त्यांच्या म्हातारपणासाठी राखलेला. तो त्यांच्याकडून घ्यायचा, तरुण पोरांच्या कल्पनांवर लावायचा आणि दहा पट होऊन परतला तर आपला वाटा काढून घ्यायचा.

“तू नक्की करतेस काय?” दोन्या ओफेलिया दर वर्षी एकदा तरी विचारायची. पूर्व सॅन होजेत तिचं दुकान होतं. मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे घेरदार झगे ती शिवायची.

“लोकांचे पैसे लोकांना देते, आई.”

“ते तर पाद्रीही करतो. तुझं काय त्यात?”

 नोएमीच्या कार्डावर ‘भागीदार’ असं छापलेलं होतं, पण भागीदार दोन प्रकारचे असतात हे कार्डावर छापत नाहीत. सोमवारी सकाळी बैठक भरायची. एखादी कंपनी समोर आली की पाचही जण एक ते दहामधला आकडा सांगायचे. सात म्हणायला बंदी होती, कारण सात हा भित्र्या माणसाचा आकडा, ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. नोएमी उभी राहून ते आकडे फळ्यावर लिहायची. तिला आकडा नव्हता. चौथ्या वर्षी तिने मागितला, सातव्या वर्षी मागितला, नवव्या वर्षीही मागितला.

“तुझं मत काय असणार ते मला माहीतच असतं की,” पेढीचा प्रमुख गॅरेट म्हणाला होता. “मग वेगळं कशाला हवं?”

पेढीच्या संकेतस्थळावर मात्र फोटोत ती मधोमध होती. छायाचित्रकाराने तिला तीनदा सरकवून तिथे आणलं होतं. त्या सगळ्या टेकडीवर आमच्यातल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या, बायका एका जेवणाच्या टेबलाभोवती मावल्या असत्या, म्हणून नोएमीला सगळीकडून बोलावणी यायची. गॅरेट तिला आनंदाने पाठवायचा. “आमची नोएमी,” तो व्यासपीठावर म्हणायचा आणि टाळ्या पडायच्या.

दोन वर्षांपूर्वी पेढी नवा फंड उभा करत होती. एका राज्यातल्या शिक्षकांचा पेन्शन फंड त्यात सगळ्यांत मोठी रक्कम टाकणार होता. त्यांच्या विश्वस्त मंडळातल्या एका बाईने फोटोवर बोट ठेवून विचारलं, “ही बाई ठरवते, की नुसती उभी असते?”

गॅरेटने उत्तर तोंडी दिलं नाही, करारात दिलं. पान एकसष्टवर तिघांची नावं घातली: गॅरेट, ब्रूक्स आणि नोएमी. या तिघांवर फंड उभा आहे. ते सोडून गेले तर पेढीने तिथल्या तिथे नवी गुंतवणूक थांबवायची आणि पैसेवाल्यांनी पुन्हा होकार देईपर्यंत थांबूनच राहायचं. पेढीचं कायद्याचं काम पाहणारी पर्ल नाकाशिमा जुनी, सावध बाई. तिने मसुद्यात ‘तिघांपैकी कोणीही दोघं गेल्यास’ असं लिहिलं होतं. शिक्षक अडून बसले. दोघं कशाला? मग हिचं नाव नुसतं शोभेचंच झालं. कोणीही एक गेल्यास, असं लिहा.

“कोणीही एक?” ब्रूक्स जरा चपापला.

गॅरेटने नोएमीच्या खांद्यावर हात ठेवला. “ही? ही कुठे जाणार?”

सगळे हसले. नोएमीही हसली. नफ्यातला तिचा वाटा तिथून तिसऱ्या डिसेंबरात पक्का होणार होता. त्याआधी एक दिवस जरी गेली असती, तरी सगळ्या वर्षांचं फळ झाडावरच राहिलं असतं. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पुढे ती गॅरेटचं ते वाक्य कधीकधी विसरायची. स्वतःचं हसू मात्र तिला विसरता आलं नाही. त्या हसण्यावर तिने डूख धरला.

मारिक्रूझ तेहेदा तिला भेटली ती त्यानंतरच्या वसंतात, सॅलिनासला. मारिक्रूझने बारा वर्षं डायलिसिस केंद्रात यंत्रं लावण्याचं काम केलं होतं. आता तिच्या आठ व्हॅन होत्या. म्हाताऱ्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा केंद्रात न्यायचं आणि घरी आणायचं. असं काम करणारे पुष्कळ होते, पण ते घड्याळ बघून गाड्या सोडायचे. मारिक्रूझ खुर्ची बघून सोडायची. कुणाचं रक्त हळू फिरतं, कुणाला उठल्यावर चक्कर येते, कुठल्या केंद्रात कुठलं यंत्र अडखळतं, यावरून खुर्ची नक्की कधी रिकामी होईल ते ती आधीच सांगायची. आधी हे सगळं तिच्या डोक्यात होतं. मग खाटकाच्या, मांस गुंडाळायच्या कागदावर आलं. मग तिच्या मावसभावाने ते संगणकात घातलं.

नोएमी पहाटे साडेचारच्या व्हॅनमध्ये तिच्याशेजारी बसून फिरली. मागे चार म्हातारे एकमेकांच्या पथ्याची चेष्टा करत होते.

“दोन्या मारिक्रूझ, ही कोण? नवी नर्स?”

“पैसेवाली आहे, दॉन रेमिहियो. नीट बोला.”

“पैसेवाली? मग मागे का बसवलं नाहीस आमच्यात? एक किडनी मागून बघितली असती.”

मारिक्रूझने तिला सगळं दाखवलं. केंद्रांची यादी, दर, खाटकाचा कागदसुद्धा. “दुसऱ्या कुणाला हे दाखवलं नसतं,” ती म्हणाली. “तू आमच्यातली आहेस, तुझी आई झगे शिवते.” तिची मुलगी इत्झेल दोन वर्षांनी पंधरा पूर्ण करणार होती. उन्हाळा संपता संपता मारिक्रूझने नोएमीला मुलीच्या झग्याची मद्रिना होशील का म्हणून विचारलं. धर्ममातेचा हा मान एकदा दिला की रक्ताच्या नात्यासारखाच धरतात. नोएमी हो म्हणाली. दोन्या ओफेलियाने कापड निवडलं, जांभळं.

नोएमीने एकतीस पानांचं टिपण लिहिलं आणि सोमवारी मांडलं.

“सॅलिनास?” ब्रूक्स म्हणाला. “तिथे सॅलडच्या पानांशिवाय काय आहे?”

चार. तीन. पाच. चार. गॅरेटने तीन सांगितले. “बाजार लहान आहे, नोएमी. पण टिपण छान झालंय. ठेव, मी वाचतो सावकाश.”

त्याने खरंच वाचलं. सात महिन्यांनी दोन पोरं पेढीत आली. नुकतीच पदवी घेतलेली, पांढऱ्याशुभ्र बुटांतली. गॅरेटच्या मुलाबरोबर ती नावा वल्हवायची. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं: खुर्ची, यंत्र, रुग्ण, गाडी. घड्याळ नाही, खुर्ची बघा, असं ती सांगत होती. नोएमीने ते चित्र ओळखलं. रंग नवे होते, बाण तिचेच होते. तिच्या टिपणातलं पान चौदा. दोघांपैकी एकानेही डायलिसिसचं यंत्र जवळून पाहिलेलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाला निदान बीळ कुठे आहे ते स्वतः शोधावं लागतं.

नऊ. नऊ. दहा. आठ. दहा.

नोएमीने ते आकडे फळ्यावर लिहिले. नव्वद लाख डॉलर, सह्या पुढच्या बुधवारी सकाळी दहाला. सुरुवात सॅलिनासच्या खोऱ्यातून. पहिलं वर्ष सगळ्या केंद्रांना सेवा फुकट, म्हणजे तिथले बारकेसारके गाडीवाले आपोआप गळतील.

“बघ, तुझी कल्पना वाया गेली नाही,” बाहेर पडताना गॅरेट म्हणाला. “खूश ना?”

शनिवारी मारिक्रूझ दुकानात आली. पोरं केंद्रांमधून फिरून गेली होती. फुकट म्हटल्यावर केंद्रवाल्यांनी तिला पुढच्या महिन्याचं नक्की नाही असं सांगायला सुरुवात केली होती. ती दारातच उभी राहिली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

“किती मिळाले तुला?” तिने विचारलं.

“मारिक्रूझ, मी त्यांना…”

“माझा कागद आहे तो. खाटकाने गुंडाळायला दिलेला. त्यावर अजून चरबीचा डाग आहे. त्यांच्या चित्रात डाग नाही, एवढाच फरक. किती मिळाले?”

“काही नाही मिळालं.”

“मग तू मूर्ख आहेस. मला वाटलं होतं की चोर आहेस.” ती दोन्या ओफेलियाकडे वळली. तिचा आवाज लगेच खाली आला. “माफ करा, दोन्या. झग्याचं राहू दे. मुलीला दुसरी मद्रिना पाहिलीय.”

दोन्या ओफेलियाने जांभळं कापड घडी करून टेबलावर ठेवलं. मारिक्रूझची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावरच ती बोलली.

“तू दिलास त्यांना तिचा कागद?”

“त्यांनी घेतला.”

“तुझ्या हातातून?”

“हो.”

“मग?” आईने कात्री उचलली. “चाळीस वर्षं या गल्लीत दुकान आहे. निवडलेलं कापड कुणी नाकारलं, असं आज पहिल्यांदा झालं.”

नोएमी त्या दिवशी जेवली नाही. पण रडलीही नाही. तिने करार काढला आणि पान एकसष्ट पुन्हा वाचलं, जसं लोक घर घेण्याआधी भिंत ठोकून पाहतात तसं. मग पान बासष्ट. ज्या व्यवहारावर सह्या होऊन गेल्या असतील तो पुरा करायला मोकळीक होती. ज्यावर झाल्या नसतील तो थांबणार होता. म्हणजे बुधवारी दहाच्या आत.

तरी तिने गॅरेटला एक संधी दिली. ती तेवढी न्यायी होती, किंवा आपण न्यायी होतो असं नंतर म्हणता यावं एवढी धूर्त होती.

“ते टिपण माझं आहे,” सोमवारी ती म्हणाली. “आणि कल्पना त्या बाईची. हा व्यवहार थांबव, नाहीतर तिला त्यात घे.”

गॅरेटने खुर्ची मागे झुकवली. “कल्पनेला मालक नसतो, नोएमी. हे वैयक्तिक करू नकोस.” मग एकदम आठवल्यासारखं, “बरं, बुधवारी सह्यांनंतर फोटो आहे. तू मध्ये उभी राहा, पोरं दोन बाजूंना. तो हिरवा कोट घाल. आणि पत्रकात तुझं एक वाक्य टाकलंय, वाचून घे.”

तिने वाचलं. ‘माझ्या समाजाच्या म्हाताऱ्या आईबापांसाठी हा अभिमानाचा क्षण आहे, असं नोएमी बारिएंतोस म्हणाल्या.’

“चालेल ना?” गॅरेटने विचारलं.

“चालेल,” ती म्हणाली. अकरा वर्षांत त्याच्याशी ती एवढ्या गोड आवाजात कधी बोलली नव्हती, पण त्याच्या ते लक्षात आलं नाही.

मंगळवारी ती गप्प राहिली. मंगळवारी बोलली असती तर गॅरेटने संध्याकाळीच सह्या उरकल्या असत्या. तिने मंगळवारी टेबलाचे खण रिकामे केले, तेही थोडेथोडे, जेवणाच्या डब्यातून. बुधवारी गाडीत बसून तिने चार नावं घेतली, हिरवा कोट घातला आणि नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी पर्लच्या टेबलावर एक पान ठेवलं. दोन ओळी होत्या. राजीनामा, आत्तापासून.

पर्लने चष्मा वर केला, वाचलं, मग घड्याळाकडे पाहिलं. ही बाई घड्याळ पाहिल्याशिवाय कागदाला हात लावत नसे. नोएमी तिच्याकडे आली होती ती त्याचसाठी.

“नोएमी, तुझा वाटा पक्का व्हायला वर्षही राहिलेलं नाही.”

“माहितेय.”

“पान एकसष्ट वाचलंयस?”

“तूच पाठवलं होतंस सहीला. बाकीच्यांनी सही केली, मी वाचून केली.”

पर्लने पेन उचललं. मग तिने कागदावर वेळ लिहिली, नऊ सदतीस, खाली आपली सही केली आणि उठली. “मी मसुद्यात ‘दोघं’ लिहिलं होतं,” ती स्वतःशीच म्हणाली. दुःखाने म्हणाली की समाधानाने, हे नोएमीला कळलं नाही.

सभेची खोली काचेची होती. नोएमी बाहेर उभी राहून बघत राहिली. हे ती कुणाला सांगणार नव्हती, पण एवढ्यासाठीच ती थांबली होती. आत पोरं होती, एकाची आई फुलं घेऊन आली होती, छायाचित्रकार दिवा लावत होता. पर्लने गॅरेटच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. गॅरेट हसला. पर्लने करार उघडून त्याच्यापुढे ठेवला. तो वाचू लागला, बोट ओळीखाली सरकवत, पहिलीतल्या मुलासारखं. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त त्यात आता कोणी राहत नव्हतं. ब्रूक्सने पेनाचं टोपण काढलं होतं ते पुन्हा लावलं.

गॅरेट बाहेर आला.

“हा काय पोरखेळ आहे?”

“राजीनामा आहे.”

“उद्या दे. तास-दोन तासांनी दे! तुला कळतंय का, सगळा फंड बंद पडतो. मला सगळ्या पैसेवाल्यांना कळवावं लागेल.”

“पाच दिवसांत. पान बासष्ट.”

त्याने आवाज उतरवला. काचेपलीकडून सगळे बघत होते. “काय हवंय तुला? मत हवंय? घे मत. आत्ता देतो.”

“आज सोमवार नाही, गॅरेट.”

“तुझा सगळा वाटा बुडेल. अकरा वर्षं! जाणार कुठे तू?”

“सॅन होजेला,” नोएमी म्हणाली. “या वेळी रस्ता मोकळा असतो.”

आवारात येऊन तिने उंच टाचांचे बूट कचऱ्याच्या पेटीवर ठेवले, कुणाला हवे असतील तर घेऊ देत म्हणून, आणि सपाट चपलांनी गाडी चालवत निघाली. आपल्याला पश्चात्ताप होईल म्हणून ती वाट पाहत होती. पालो आल्टो गेलं, माउंटन व्ह्यू गेलं. तो आला नाही. त्याऐवजी तिला सणसणून भूक लागली. अलम रॉकच्या कोपऱ्यावर थांबून तिने तीन गोड पाव घेतले आणि तिन्ही गाडीतच खाल्ले.

फंड बंद पडला. दोन आठवड्यांनी शिक्षकांच्या मंडळातल्या त्या बाईचा फोन आला. पेढीच्या आतलं काही सांगायला नोएमीला बंदी होती आणि ती बंदी तिने मोडली नाही.

“एवढंच विचारते,” बाई म्हणाल्या. “सोमवारच्या बैठकीत तुमचं काम काय असायचं?”

“फळ्यावर आकडे लिहायचे.”

“तुमचा आकडा?”

“माझा नव्हता.”

 मग बाईंनी आभार मानून फोन ठेवला. पुढच्या महिन्यात पैसेवाल्यांचं मतदान झालं. फंड पुन्हा उघडायला शिक्षकांनी नकार दिला आणि त्यांचं पाहून बाकीच्यांनीही. पोरांनी दोन ठिकाणी दारं ठोठावली. पण ऐन सहीच्या दिवशी परतलेल्या वऱ्हाडाला दुसऱ्या मांडवात कोणी विचारत नाही. ती सॅलिनासला पुन्हा दिसली नाहीत. पेढीच्या फोटोतून नोएमीला कापून काढावं लागलं. ती मधोमध असल्यामुळे फोटोचे दोन तुकडे झाले आणि ते नीट जुळले नाहीत. हे तिने संकेतस्थळ उघडून पाहिलं. एकदा नाही, बरेचदा.

सूड घेतल्याने मारिक्रूझला एक पैसाही मिळाला नाही. तिच्या व्हॅन आठ होत्या, आठच राहिल्या. पण त्या चालू राहिल्या.

फेब्रुवारीत एका दुपारी ती इत्झेलला घेऊन दुकानात आली. या वेळी बसली.

“माझ्या नणंदेने झगा दुसरीकडे शिवायला टाकला होता,” ती म्हणाली. “बाह्या बघा. कोंबडी उडायला निघाल्यासारखी दिसते पोरगी.”

“आई!” इत्झेल ओरडली.

“मद्रिना आता नणंदच राहणार. पाद्रीकडे नाव गेलंय,” मारिक्रूझ नोएमीकडे न पाहता म्हणाली. “ते बदलता यायचं नाही.”

“नको बदलू,” नोएमी म्हणाली.

“तू सगळं सोडून आलीस म्हणतात. माझ्यासाठी?”

नोएमीने खोटं बोलायचं टाळलं. “निम्मं तुझ्यासाठी.”

“आणि निम्मं?”

“त्याचं तोंड बघायला.”

मारिक्रूझने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “कसं होतं?”

“सांगेन. आधी हिला उभी कर त्या चौरंगावर.”

दोन्या ओफेलिया बाह्या उसवू लागली. नोएमी खाली गुडघे टेकून घेराची किनार वर घेऊ लागली.

“एवढं शिकून शेवटी माझ्यासारखीच गुडघ्यांवर,” आई पुटपुटली, पण टाचण्यांची डबी तिच्याकडे सरकवली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. दोन्या ओफेलियाने चष्म्यावरून पाहिलं. “तो लांब नावाचा माणूस आहे. आज तिसऱ्यांदा.” आणि लेकीला विचारायच्या आतच तिने तो उचलून तिच्या कानाला लावला.

गॅरेट भराभर बोलत होता. नवी पेढी, नवं नाव, या वेळी पूर्ण मत, पूर्ण वाटा, शिक्षकांना फक्त तिने एकदा भेटावं. नोएमीने किनारीची लांबी बोटाने मोजली, इत्झेलला जरा वळायची खूण केली आणि ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली,

“नंतर कर, गॅरेट. तोंडात टाचण्या आहेत.”